अफवा आणि आपले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी अजिंठा येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हणजे हळदीकुंकू आणि अल्पोपाहार यांच्यामधली एक अडचण असते, हे मी पुरते ओळखून आहे. त्यातून चिटणीसबाईंनी मला विषय दिला आहे अफवांचा. आतून पोह्यांच्या फोडणीचा वास येत असताना मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयी बोलायचे, म्हणजे जरा अवघडच काम. तरी मी ते आनंदाने पत्करले, कारण या विषयावर पुरुषांची भाषणे पुष्कळ झाली आहेत आणि त्यांत बहुधा आपल्या भोळेपणावरच सगळा दोष ढकललेला असतो. आपण आपल्यातच बसून, उगाच कोणाला नावे न ठेवता, ही गोष्ट एकदा उलगडून पाहावी असे मला वाटले.

प्रथम एक सांगते. मोबाईल आला आणि अफवा आल्या, असे मुळीच नाही. आपल्यापैकी ज्यांची साठी उलटली आहे त्यांना पोस्टकार्डे आठवत असतील. संतोषीमातेच्या नाहीतर बालाजीच्या नावाने कार्ड यायचे. अमक्याने अशी इतकी कार्डे लिहून पाठवली, त्याला लॉटरी लागली. तमक्याने कार्ड फाडून टाकले, त्याचा मुलगा दगावला. तरी आपणही इतक्या दिवसांत इतकी पत्रे लिहावीत. खाली सही नाही, पत्ता नाही. घरातली कर्ती बाई ते कार्ड देव्हाऱ्याजवळ ठेवायची आणि संध्याकाळी शाळकरी मुलीला पाटी-पेन्सिलीच्या अभ्यासावरून उठवून कार्डे लिहायला बसवायची. देवावर फार भक्ती होती म्हणून असे नव्हे. ‘न जाणो, खरे असले तर!’ एवढाच तिचा हिशेब असे. तो चुकीचा होता, पण समजण्यासारखा होता. चार आण्यांच्या खर्चाने घरातल्या मुलाचा जीव सुरक्षित होत असेल तर कोणती आई हात आखडता घेईल?

हे खूळ आपल्याच देशातले, असेही कोणी समजू नये. 1935 साली अमेरिकेत डेन्व्हर नावाच्या शहरात अशाच साखळीपत्रांची लाट आली. यादीतल्या पहिल्या माणसाला एक छोटे नाणे पाठवा, त्याचे नाव खोडून शेवटी आपले लिहा, पत्राच्या प्रती करून पुढे धाडा, म्हणजे तुम्हांलाही घरबसल्या पैसे मिळतील. तेथील टपाल कचेरी पत्रांच्या ढिगाखाली अक्षरशः गुदमरली. आणि आपल्याकडे 1857 च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगाव पोळ्या फिरल्या, ते तर इतिहासाच्या पुस्तकातच आहे. एका गावचा चौकीदार पुढच्या गावच्या चौकीदाराला पोळ्या देई, अशाच आणखी करून पुढे पाठव म्हणे. त्या कशासाठी फिरत आहेत, हे नेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते. इंग्रज अधिकारी मात्र घाबरून गेले. ‘पुढे पाठवा’ या दोन शब्दांचा जोर किती असतो, ते यावरून ध्यानात येईल.

फरक पडला तो खर्चात. पोळी भाजायला पीठ लागे, कार्ड लिहायला पैसा आणि अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासात एखादीला विचार सुचे, एखादीचा नवरा हसे, एखादीचे मूल रडू लागे आणि पत्र राहून जाई. आता अंगठ्याने एकदा दाबले की दोनशे घरांत निरोप पोहोचतो. मधला विचाराचा अर्धा तास नाहीसा झाला, ही खरी अडचण आहे.

आता भीतीच्या गोष्टींकडे येऊ. आपल्याला घाट नवा नाही. घाटात रात्री पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते, गाडीवाला तिला बसवून घेतो, वळण संपते आणि मागे पाहावे तो बाई नाही, ही गोष्ट तुम्ही कोणत्या घाटाच्या नावाने ऐकली आहे? माझ्या माहेरी ती एका घाटाची होती, येथे आल्यावर ती दुसऱ्या घाटाची झाली, आणि नाशिकच्या माझ्या मैत्रिणीला विचारले तर ती कसाऱ्याची आहे. मला वाटते, महाराष्ट्रात जितके घाट तितक्या या बाया. पण मौज अशी की अमेरिकेत शिकागोजवळच्या रस्त्यावरही हीच बाई आहे. तिला तेथे मेरी म्हणतात, तिचा झगा पांढरा आहे आणि ती दफनभूमीजवळ आली की गाडीतून नाहीशी होते. लोककथांचे एक अभ्यासक, ब्रुनवंड त्यांचे नाव, त्यांनी अशा कथा गोळा करून 1981 साली पुस्तकच काढले आणि त्याला नाव दिले तेही या नाहीशा होणाऱ्या प्रवासिणीचेच. त्यांनी एक बारीक गोष्ट हेरली. या कथा सांगणारा कधीही ‘मी पाहिले’ असे म्हणत नाही. पाहणारा नेहमी मित्राचा मित्र असतो.

आपल्याकडे तो जावेच्या माहेरचा कोणीतरी असतो, एवढेच! ‘अगं, माझ्या जावेच्या बहिणीच्या शेजारी घडलं.’ त्या शेजारणीपर्यंत जाऊन पोहोचावे, तर ती म्हणते, माझ्या नव्हे, माझ्या नणंदेच्या शेजारी. असे करीत करीत माणूस थकतो, पण ती बाई काही भेटत नाही.

घाटातल्या बाईने कोणाचे फारसे बिघडत नाही. रात्री गाडी हळू चालवली तर उलट बरेच. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर गणपती दूध प्यायला, तेव्हाही फार तर दूध वाया गेले. तेव्हा मोबाईल नव्हते, साध्या टेलिफोनवरून ती बातमी एका दिवसात परदेशी पोहोचली. देवळांपुढे रांगा लागल्या, दूध मिळेना. मग शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून मूर्तीला चमचा लावून दाखवला, आणि रंगीत दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरताना सर्वांना दिसले. भरलेल्या चमच्याची कड ओल्या दगडाला टेकली की द्रवाच्या पृष्ठताणाने दूध ओढले जाते. ओल्या पांढऱ्या संगमरवरावर पांढरे दूध दिसत नाही, इतकेच. आपण चहाची किटली ओतताना चहा तोटीच्या खालून ओघळतो आणि टेबलक्लॉथ खराब होतो, ते जवळपास याच जातीचे कौतुक आहे. त्यासाठी कोणी रांग लावीत नाही.

दहा रुपयांच्या नाण्याचे पाहा. ‘हे खोटं आहे, बंद झालं’ अशी वदंता उठली आणि कित्येक बाजारांत भाजीवाल्या ते नाणे घेईनाशा झाल्या. रिझर्व्ह बँकेने 2018 च्या जानेवारीत पत्रक काढून सांगितले की त्या नाण्याचे चौदा निरनिराळे छाप आहेत आणि सगळे चालू आहेत. तरी अजून एखादी म्हातारी मुठीतले नाणे परत करते. तिचे काय चुकले? तिला बँकेचे पत्रक कोणी नेऊन दाखवले नाही, वदंता मात्र दारात आली. दोन हजारांच्या नोटेत बारीक यंत्र बसवले आहे, जमिनीत पुरली तरी सरकारला पत्ता लागतो, ही 2016 ची कथा तर तुम्हांला आठवतच असेल. 2023 साली ती नोट व्यवहारातून काढून घ्यायचे ठरले. ते यंत्र शेवटपर्यंत कोणाला सापडले नाही.

पण येथून पुढे हसण्यासारखे फारसे नाही. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, करोना अजून आपल्याकडे नीट आलाही नव्हता तेव्हा, कोंबडी खाल्ल्याने तो रोग होतो असे संदेश फिरू लागले. सोबत आजारी कोंबड्यांची चित्रे. सरकारने पुनःपुन्हा सांगितले की यात तथ्य नाही. ऐकतो कोण? पोल्ट्रीवाल्यांचा माल कोणी घेईना. बेळगाव जिल्ह्यात गोकाककडे एका शेतकऱ्याने हजारो कोंबड्या खड्डा करून पुरल्या. आपल्या सिल्लोड तालुक्यातली बाई म्हणेल, आमचा पोल्ट्रीशी काय संबंध? संबंध आहे बाई! आपण मका पिकवतो, आणि मक्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे कोंबडीचे खाद्य. कोंबड्या खपेनात तेव्हा मक्याचाही भाव कोसळला. म्हणजे ज्या घरातून तो संदेश पुढे गेला असेल, त्याच घरच्या मक्याचे पोते त्या वर्षी स्वस्त गेले असण्याचा पुष्कळ संभव आहे. पुढे टाळेबंदीने उरलेसुरले पार पडले, ती गोष्ट निराळी.

आता मुले पळवणाऱ्या टोळीविषयी. हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता.

ही भीतीदेखील जुनी आहे. नदीवर पूल बांधायचा म्हटले की पायात मूल पुरतात, त्यासाठी माणसे पोती घेऊन फिरतात, असे आपल्या आज्या सांगत. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा इस्पितळात नेलेल्या माणसाची मोमियाई काढतात, म्हणजे उलटे टांगून त्याच्या अंगाचे तेल गाळतात, असा समज पसरला. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. जेथे उपचार मिळायचे तेच ठिकाण लोकांना खाटीकखाना वाटू लागले. रोग लपवले गेले, आणि लपवलेला रोग अधिकच पसरला.

2018 सालच्या उन्हाळ्यात हीच मोमियाई नव्या वेषात आली. मूत्रपिंडे काढून विकण्यासाठी मुले पळवणारे शेकडो लोक महाराष्ट्रात शिरले आहेत, असे संदेश आणि बरोबर एक चित्रफीत. तुम्हांपैकी अनेकींनी ती पाहिली असेल. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एक मूल उचलतात आणि निघून जातात. पाहताना काळजाचे पाणी होते. आता ती चित्रफीत मुळात काय होती ते ऐका. ती पाकिस्तानात कराची शहरात, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. त्यात सगळे नट होते. शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो, तेव्हा लक्ष ठेवा. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. मूल परत आल्याचे दृश्य गेले, पळवल्याचे तेवढे राहिले. त्याच दिवसांत मालेगावकडे रांगेने ठेवलेल्या मृत मुलांचे चित्र फिरले. ते सीरिया देशात घूटा येथे 2013 साली विषारी वायूने मारल्या गेलेल्या मुलांचे होते. कुठली कराची, कुठला सीरिया! पण खाली चार ओळी मराठीत लिहिल्या की चित्र आपल्या गावचे होते.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा या लहान गावी आठवड्याचा बाजार भरला होता. डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष भिक्षा मागत तेथे आले. मूळचे ते मंगळवेढा भागातले. डवरी गोसावी आपल्याला अपरिचित नाहीत. डवर वाजवीत, भैरवनाथाची गाणी म्हणत दारोदार फिरणारी ही माणसे. त्यांच्यापैकी एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. पोरे पळवणारे आले, अशी हाकाटी झाली. जमावाने त्यांना मारीत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथे पाचही जणांचा जीव घेतला. मारणाऱ्यांत दरोडेखोर नव्हते. मिरची-कांदे घ्यायला आलेली माणसे होती, आणि कित्येकांच्या मोबाईलमध्ये ती कराचीची चित्रफीत आधी येऊन बसली होती.

त्याच दिवशी मालेगावातही जमावाने पाच जणांना घेरले. त्यांच्याबरोबर दोन वर्षांचे मूल होते. तेथे पोलिसांनी त्यांना वाचवले. आणि हे सगळे खानदेशातले, आपल्याकडे असे होत नाही, असे कोणी म्हणू नये. त्याआधी तीनच आठवडे, 8 जूनला, आपल्याच जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातील चांदगाव येथे दरोडेखोर समजून जमावाने मारहाण केली आणि त्यात दोघे मृत्यू पावले. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव औरंगाबाद होते. नाव बदलले, गाव तेच आहे.

भगिनींनो, हे मी तुम्हांला भिववण्यासाठी सांगत नाही. भिववणारे पुष्कळ आहेत. मी सांगते ते आमच्या गल्लीत घडलेल्या एका लहान प्रसंगामुळे. एक बोहारीण दुपारी आली. डोक्यावर भांड्यांची टोपली, पाठीला जुन्या कपड्यांचे बोचके आणि पुढच्या झोळीत तान्हे मूल. मूल जरा उजळ, बाई काळीसावळी. तेवढ्यावरून कोणीतरी म्हणाले, ‘हे पोर हिचं नाही.’ दहा मिनिटांत पंधरा-वीस तरुण जमले. एकाने टोपली ओढली, पातेली रस्त्यावर घरंगळली. दुसरा मोबाईल उंच धरून चित्र घेऊ लागला. ती बाई रडतही नव्हती, नुसती झोळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तेवढ्यात आमच्या समोरच्या आजी काठी टेकीत बाहेर आल्या. त्यांना ना व्हॉट्सअॅप ठाऊक, ना यूट्यूब. त्यांनी बाईला नीट न्याहाळले आणि म्हणाल्या, ‘अगं, तू ना! मागल्या दिवाळीला माझं तांब्याचं घंगाळ नेलंस, त्याला छिद्र होतं म्हणून वाद घातलास. तेव्हा तर तुला दिवस गेले होते.’ सगळा घोळका खाली पाहू लागला. मी आतून पाणी आणले. मुले पातेली गोळा करू लागली.

येथे गोष्ट संपली असती तर मी ती सांगितलीही नसती. पण चित्र आधीच गेले होते. दोन दिवसांनी तेच चित्र माझ्याच मोबाईलवर आले, आमच्या गल्लीची भिंतसुद्धा त्यात दिसते, आणि खाली दुसऱ्याच तालुक्याचे नाव घालून लिहिले होते, ‘मुले चोरणारी बाई पकडली, सावध राहा, सर्व माताभगिनींना पाठवा.’ ज्यांनी मला पाठवले त्यांना मी खरे ते कळवले. त्यांनी त्यांना पाठवणाऱ्यांना कळवले की नाही, कोण जाणे. ती बोहारीण त्यानंतर आमच्या गल्लीत आली नाही. तिच्या तोंडाचे चित्र किती गावांत तिच्या आधी जाऊन पोहोचले असेल, याचा विचार मनात आला की मला झोप लागत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट तुम्ही ध्यानात घ्या. अशा संदेशांचा नेम नेहमी आईवर असतो. ‘माताभगिनींना पाठवा’ हे शब्द उगाच नसतात. मुलाच्या बाबतीत आपण तर्क करीत नाही, आधी धावतो. निसर्गाने आपल्याला तसेच केले आहे आणि ते बरेच केले आहे. पण धावायचे कोणत्या दिशेला, हे तरी पाहिले पाहिजे. लहान मुलांवरील अत्याचारांचे जे गुन्हे नोंदले जातात, त्यांची आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देतो. वर्षानुवर्षे त्यात दिसते ते असे की शंभरांतल्या नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, घरी येणारा-जाणारा. म्हणजे आपण ज्या बोहारणीकडे बोट दाखवतो तिच्यापासून धोका थोडा, आणि ज्याला ‘काका’ म्हणायला शिकवतो त्याच्याकडे लक्ष ठेवण्याची गरज अधिक. हे ऐकायला कडू लागते, म्हणूनच त्याचा संदेश कोणी पुढे पाठवीत नाही. मुलगी एखाद्या घरी जायला नको म्हणते तेव्हा तिला दटावण्याऐवजी का नको ते विचारा. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे, तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.

खरे-खोटे ओळखायचे कसे, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. अजिंठ्याच्या माणसाला हे शिकवायला नको, असे मी म्हणते. आपल्या लेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चाकूने आपले नाव कोरून ठेवले आहे, आणि तारीख आहे 28 एप्रिल 1819. चित्रावर ओरखडे काढले ही त्याची वाईट खोड, पण निदान नाव आणि तारीख तरी दिली! आपल्या गावात पारोची समाधी आहे. रॉबर्ट गिल या चित्रकाराच्या आणि तिच्या प्रेमाच्या किती कथा झाल्या, कादंबरीसारख्या, चित्रपटासारख्या, प्रत्येक वाटाड्या आपली एक वेगळी सांगतो. त्या सगळ्यांत खात्रीचे किती? दगडावर कोरले आहे तेवढे : तिचे नाव आणि 23 मे 1856 हा मृत्यूचा दिवस. बाकीचे ज्याला जसे आवडेल तसे. मोबाईलवर आलेल्या निरोपालाही हेच विचारावे. कोणी म्हटले, कोठे घडले, कोणत्या दिवशी? ‘काल रात्री आपल्या भागात’ ही तारीख नव्हे. तो संदेश पाच वर्षे फिरला तरी त्यातली ‘काल रात्र’ संपत नाही.

आणखी एक खूण आहे. व्हॉट्सअॅपवर संदेशाच्या वर दोन बाण दिसले तर तो पुष्कळ हातांतून फिरून आला आहे असे समजावे. राईनपाड्याच्या घटनेनंतर जुलै 2018 मध्ये त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असा बंध घातला, आणि 2020 मध्ये दोन बाणांच्या संदेशाला एकाच ठिकाणी. माणसे मेल्यावर का होईना, तो विचाराचा अर्धा तास त्यांनी थोडासा परत आणला. सरकारी योजना, नोटा, नाणी यांविषयी काही असले तर सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची तपासणी शाखा आहे, तेथे विचारता येते. आणि गावात खरोखर कोणी संशयास्पद फिरत असले तर 112 फिरवावा. चित्र काढून वाटू नये.

हरवलेल्या मुलांचे आणि रक्त हवे असल्याचे संदेश, यांच्या बाबतीत आपला हात सर्वांत लवकर जातो. ते पाठवू नका असे मी म्हणत नाही. आधी दिलेल्या क्रमांकावर एक फोन करा. पुष्कळदा मूल केव्हाच घरी आलेले असते आणि त्याचा बाप रोजच्या फोनांनी कावलेला असतो.

खरे चोर भीतीचा उपयोग कसा करतात, तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई सगळेच खोटे म्हणतात. ‘पुढे खून झाला आहे, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगून भर रस्त्यात म्हाताऱ्या बायांच्या पाटल्या नेण्याचे प्रकार आपल्या राज्यात ठिकठिकाणी घडले आहेत. हल्ली तेच लोक फोनवर गणवेष घालून दिसतात आणि म्हणतात, तुमच्या मुलाला पकडले आहे, तुम्हांलाही घरबसल्या अटक केली आहे, पैसे भरा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवावा. पैसे गेलेच असतील तर लागलीच 1930 ला कळवावे. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे कठीण. येथेही आधी घाबरवायचे आणि मग घाई करायची, हीच रीत आहे.

आता राहिली सर्वांत अवघड गोष्ट, आणि ती पुरुषांच्या भाषणांत कधी येत नाही. खोटा संदेश अनोळखी माणसाने पाठवला तर पुसून टाकता येतो. सासूबाईंनी पाठवला तर काय करायचे? मोठ्या जाऊबाईंनी, आत्याबाईंनी कुटुंबाच्या गटात टाकला, तर पन्नास माणसांदेखत ‘हे खोटे आहे’ म्हणणार कशी? मला असे वाटते, गटात बोलूच नये. त्यांना निराळा फोन करावा, तब्येत विचारावी, मग म्हणावे, ‘आत्या, तो तुमचा निरोप वाचून मी फार घाबरले. कोणाकडून आला हो? मी जरा चौकशी केली तर तो कराचीचा निघाला.’ बहुतेक आत्या स्वतःच तो काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी गटात ‘मी चौकशी केली, ते खोटे आहे’ असे त्याच लिहितात. त्यांना ते श्रेय घेऊ द्यावे. आपल्याला घर सांभाळायचे आहे, वाद जिंकायचा नाही. नवरे मंडळींच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. त्यांना पुरावा समोर धरूनच दाखवावा लागतो, आणि तरीही ते म्हणतात, ‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही.’ निघतो! ओली लाकडे चुलीत घालून पाहा म्हणावे. आग कमी आणि धूरच धूर.

मंडळाने या कामासाठी एक वही घातली आहे, तिची माहिती देऊन मी थांबते. दर महिन्याच्या सभेला ज्या बाईला असा भीतीचा निरोप आला असेल तिने तो वहीत उतरवायचा : केव्हा आला, कोणाकडून आला, आणि त्यांना विचारले तर त्यांनी कोणाचे नाव सांगितले. हाताने लिहायचे, म्हणजे तो अर्धा तास आपसूक मिळतो. गेल्या चार महिन्यांत अकरा निरोप लिहिले गेले. त्यांतल्या नऊ निरोपांचा माग तिसऱ्या-चौथ्या माणसापाशी जाऊन तुटला, एकाचा मूळ धनी नात्यातलाच एक शाळकरी मुलगा निघाला, आणि एक खरा होता : विहिरीजवळच्या विजेच्या खांबाला धक्का बसतो म्हणून. तो खांब दुरुस्त करून घेतला. वही सध्या माझ्याकडे आहे. ज्यांच्याकडे आज सकाळचा तो फ्रीजमधल्या कांद्याचा निरोप आला आहे, आणि मला वाटते तो निम्म्या जणींकडे आला आहे, त्यांनी पोहे खाऊन झाल्यावर माझ्याकडे यावे. पेन मी आणले आहे.